माजींची बैठकव्यवस्था

राज्याचे किंवा राष्ट्राचे प्रमुखपद भोगल्यानंतर सभागृहात साध्या बाकावर जाऊन बसणे हे लोकशाहीतील अवघड आसन असून, अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, ते आजवर दोनच माजी राष्ट्राध्यक्षांना साधले आहे. जॉन क्विन्सी ॲडम्स १८३१ मध्ये प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहात दाखल झाले आणि गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेलाच न घेण्याचा १८३६ चा नियम रद्द होईपर्यंत आठ वर्षे त्याच्याशी भांडत राहिले. तर अँड्र्यू जॉन्सन यांना १८६८ मध्ये महाभियोगातून, म्हणजे पदावरून दूर करण्याच्या खटल्यातून, ज्या सिनेटमध्ये एका मताने सुटका मिळाली, तिथेच ते १८७५ मध्ये सदस्य म्हणून परतले. दोघांपैकी एकालाही खाते मिळाले नाही, यावरून त्या देशाचे मागासलेपण ध्यानात यावे.

महाराष्ट्राने ही उणीव केव्हाच भरून काढली. शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातील शरद पवार १९७८ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांचे अर्थखाते खुद्द शंकररावांनीच सांभाळले. पुढे नारायण राणे यांनी विलासराव देशमुखांकडे महसूल आणि अशोक चव्हाण यांनी उद्धव ठाकरे यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम पत्करले. २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस हे एकनाथ शिंदे यांचे उपमुख्यमंत्री झाले आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी उभयतांनी खुर्च्या बदलून घेतल्या. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही, कायद्याच्या दृष्टीने तो इतरांसारखाच एक मंत्री. परंतु माजी मुख्यमंत्र्याचा मान घटनेपेक्षा नाजूक असल्याने ही सोय करावी लागते.

नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याला मात्र असल्या अडचणी नाहीत. हा मुलूख अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींच्या हक्कांसाठी घटनेच्या पाचव्या अनुसूचीने वेगळ्या ठेवलेल्या प्रदेशात, मोडतो. येथील सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखीव असून त्यातही महिलांची पाळी येते, आणि पाळी आली की मावळत्या सरपंचाने प्रभागातून सदस्य व्हावे अथवा ग्रामसभेत सतरंजीवर बसून पाणीपुरवठ्याचा हिशेब विचारावा, एवढेच उरते. (घरातीलच महिला सरपंच झाली, तर शेजारची प्लास्टिकची खुर्ची आपोआप आपली होते, हा शोध कोणत्याही अनुसूचीत नोंदलेला नाही.) शिवाय मुंबईला घटनेत न सापडलेले दुय्यम पद चिंचपाड्याला ग्रामपंचायत अधिनियमातच आयते मिळते, उपसरपंच कायद्याने असतो, आणि त्याच्याकडे सरपंचाच्या गैरहजेरीत सभा चालवण्याचे एक भरभक्कम खातेही असते, फक्त त्यासाठी सरपंचाला गैरहजर राहावे लागते.