फॅन्टसी मालिकेची शिफारस : पूर्वतयारी, पद्धत आणि वसुली

साधी कादंबरी सुचवणारा माणूस समोरच्याचे फार तर दोन रविवार मागतो. फॅन्टसी मालिका सुचवणारा त्याची वर्षे मागतो. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा खंड आहेत आणि ते पुरे करायला खुद्द जॉर्डन यांनाही आयुष्य पुरले नाही. २००७ साली ते वारले. शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी लिहिले. एवढ्या जबाबदारीची शिफारस सर्वसाधारणपणे लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढला जात असताना, "वाचच रे एकदा" एवढ्यावर उरकली जाते. तिची रीतसर पद्धत खाली दिली आहे. ती राजधानी परिक्षेत्रातील, म्हणजे दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरीदाबाद येथील मराठी वाचकांना लागू आहे.

शिफारसकर्त्याने पहिल्यांदा स्थानिक इतिहास समजून घ्यावा. चौदा खंडांचा रुबाब दिल्लीत चालत नाही. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवल किशोर छापखान्याने छापली तेव्हा तिचे ४६ खंड झाले, आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा त्यातला केवळ एक भाग. जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो ही गोष्ट तोंडी सांगत. जुन्या परंपरेतले शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले, आणि २००५ पासून महमूद फारूकी यांनी ती कला पुन्हा रंगमंचावर आणली. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'ची (१८८८) तर गोष्टच वेगळी. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून सांगतात. शिफारशीचे यश मोजायचे माप हे. समोरच्याने पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून "छान आहे हं" म्हणणे हे यशात धरू नये.

यानंतर पात्राची परीक्षा. लहान मुलांच्या बाबतीत करण्यासारखे काही नसते. हॅरी पॉटरविषयी शिफारसकर्त्याला आहे त्यापेक्षा जास्त माहिती पाचवीतल्या मुलाला वर्गातून आधीच मिळालेली असते. खरा कस लागतो तो सेवानिवृत्त काकांपुढे. केंद्र सरकारात पस्तीस वर्षे काढून करोलबाग किंवा पहाडगंज भागात स्थिरावलेले हे काका गणेशोत्सवात हमखास भेटतात. ड्रॅगन हा शब्द निघताच ते "आमच्याकडे महाभारत आहे की" असे म्हणतात. येथे वाद घालू नये. महाभारत आहे हे ताबडतोब मान्य करावे आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'चा विषय काढावा. काकांनी ती लहानपणी अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून वाचलेली असते, त्यामुळे चेहरा सैल पडतो. या अवस्थेत टॉल्किन यांचे नाव एकदाच, हलक्या आवाजात घ्यावे. काका उलट शिफारस म्हणून 'मृत्युंजय' सुचवतात. ती तिसऱ्यांदा वाचण्याचे वचन देऊन टाकावे. व्यवहारात काहीतरी द्यावेच लागते.

दुसरे पात्र मेट्रोचे. येथे वाङ्मयीन गुणांपेक्षा वजन आणि स्टेशन पाहावे लागते. नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीला गाडी सुटते, म्हणून तेथे बसायला जागा मिळते. अशा वाचकाला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची तिन्ही भाग एकत्र बांधलेली, हजारावर पानांची प्रत निःशंकपणे द्यावी. वाटेत चढणाऱ्याला ती देणे क्रूरपणाचे आहे. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ती उघडी ठेवता येत नाही, आणि राजीव चौकला गर्दीच माणसाला उतरवते, मग मोरियाच्या खाणीतून कोणी बाहेर पडले असो वा नसो. उभ्याने प्रवास करणाऱ्यांसाठी टेरी प्रॅचेट उत्तम. 'डिस्कवर्ल्ड'च्या ४१ कादंबऱ्या आहेत, पण एकेक आटोपशीर आहे आणि बहुतेक स्वतंत्रपणे वाचता येतात. अडचण एवढीच, की वाचक डब्यात एकटाच हसू लागला की शेजारचे बॅग पोटाशी घेतात.

भाषेचा प्रश्न घराघरातला आहे. आजीला मराठी हवे, नातवाला इंग्रजी, आणि मधली पिढी दोन्हींत वाचायचे ठरवून मोबाइल पाहते. आजीसाठी मुग्धा कर्णिक यांनी टॉल्किनचा केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद सुचवावा. मात्र मराठी पुस्तक दिल्लीत हाती लागणे ही स्वतंत्र मोहीम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर साहित्य संमेलन भरले तेव्हा मराठी ग्रंथांची दुकाने मुबलक होती; पण त्याआधीचे दिल्लीतले संमेलन १९५४ चे. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत दोन किलोंची जागा आरक्षित करणे हा त्यामानाने जवळचा मार्ग होय.

अपूर्ण मालिकांबाबत पूर्वसूचना देणे बंधनकारक समजावे. जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. पॅट्रिक रॉथफस यांचा दुसरा खंडही २०११ चाच. तिसऱ्याचा पत्ता नाही. बाहेरचे वाचक यावरून लेखकांवर चिडतात. संमेलनासाठी ७१ वर्षे थांबलेल्या दिल्लीकर मराठी माणसाने चिडण्याचे कारण नाही, तरी त्याला आधी सांगितलेले बरे.

वाचनक्रमावर भांडण होऊ देऊ नये. 'नार्निया'त १९५० साली पहिले आलेले पुस्तक आधी वाचावे की कथाक्रमाने पहिले, पण छापून यायला १९५५ उजाडलेले, यावर दोन पंथ आहेत. जे घरात असेल ते आधी वाचावे, हा तिसरा पंथ असून व्यवहारात तोच चालतो.

कारण पुस्तके मुख्यतः रविवारी मिळतात. दर्यागंजच्या फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ मध्ये आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये गेला. तेथे ढिगातून फॅन्टसी शोधण्याचे तंत्र असे : नक्षीदार, सोनेरी, जाड कणा दिसला की हात घालावा. हाती बहुधा खंड दुसरा लागतो. पहिला लोक ठेवून घेतात, तिसऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. दुसरा मात्र अर्ध्यावर खूणचिठ्ठी असलेल्या स्थितीत विपुल. खंड दुसरा हातात येताच विक्रेत्यासमोर आनंद व्यक्त करू नये. तो बाजूला ठेवून आधी एखाद्या स्पर्धापरीक्षेच्या गाइडचा भाव विचारावा, मग सहज विचारल्यासारखे या पुस्तकाकडे बोट करावे. पहिल्या खंडाची चौकशी केल्यास "अगले संडे" असे उत्तर मिळते. हे उत्तर प्रत्येक रविवारी मिळते.

पुस्तक दिल्यानंतरचा काळ नाजूक असतो. "कुठवर आलं?" हा प्रश्न आठवड्यातून एकदाच विचारावा. वाचक आवडत्या पात्राविषयी बोलू लागला आणि ते पात्र पुढे मरणार असेल, तर चेहरा निर्विकार ठेवून चहा मागवावा. डोळ्यांत पाणी आल्यास नोव्हेंबर ते जानेवारी या काळात प्रदूषणाचे कारण पुरते. इतर महिन्यांत सोय नाही.

शेवटचे कलम वसुलीचे. दिल्ली हे बदल्यांचे शहर आहे. नागपूरहून तीन वर्षांसाठी आलेले दांपत्य जाताना तिसरा खंड घेऊन जाते, वाईट हेतूने नव्हे, सामानाच्या ओघात. म्हणून बदलीचा आदेश निघाल्याचे कानावर येताच त्याच संध्याकाळी अभिनंदनाचे पेढे घेऊन जावे, चहा होऊ द्यावा आणि उठताना कपाटाकडे पाहत पुस्तकाची आठवण काढावी. आणखी चार दिवस गेले आणि पॅकर्सवाले येऊन गेले, की वहिनी दारातूनच सतरा बंद खोक्यांकडे हात करून "त्यातल्याच एकात असेल बघा" असे सांगतात.