स्पा, भडगाव शाखा

पुण्या-मुंबईच्या ‘पर्यावरणपूरक’ स्पामध्ये वाफारा, मातीचा लेप आणि केळ्याचा फेसपॅक यांसाठी हजारो रुपये मोजतात. जळगाव जिल्ह्यातल्या आम्हा भडगावकरांना हे सारे फुकट! मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की पत्र्याच्या घरात वाफारा आपोआप. त्यात वीज गेलेली, म्हणजे प्रदूषणही शून्य. लेपाचे काम वाळूच्या डंपरांकडे. मागे दुचाकीवर असलात, की भुवयांपर्यंत थर बसतो. गिरणा नदीत वाळू उरेल तोवर सेवा अखंड. राहिला फेसपॅक. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी भाव पडला की घड बांधावरच पडतात. तेव्हा केळीउत्पादकांनी व्यापाऱ्यांचा नाद सोडून ब्युटी पार्लर गाठावे. केळ्याला भाव तोंडात नाही, तोंडावर आहे!