सत्यवानाचं काम

मराठी नवऱ्याला न मागता, ऑडिशन न देता मिळणारी एकच भूमिका असते, ती सत्यवानाची. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला बायको उपास धरते, वडाला सूत गुंडाळते, आंबे घालून सवाष्णींच्या ओट्या भरते आणि आपण नेहमीसारखे ऑफिसला जातो. संध्याकाळी घरी येऊन फणसाचे गरे खातो. सात जन्मांचं आरक्षण पक्कं होतं, आणि त्यात आपला वाटा म्हणाल तर गरे संपवण्याचा. हा अनुभव माझ्या गाठीशी भरपूर आहे. पण अमेरिकेत कुणी त्याला तज्ज्ञता म्हणेल, असं कधी वाटलं नव्हतं.

आम्ही दोघं लेकीकडे राहायला गेलो होतो. मिडवेस्टमधलं विद्यापीठाचं गाव, चहूकडे मक्याची शेतं. लेकीच्या शेजारच्या बाई तिथल्या संगीत विभागात मुलांकडून ऑपेरा बसवून घेतात. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्यांनी कुंपणावरूनच विचारलं, “मग तुम्हाला सावित्रीची गोष्ट माहीत असेल?”

ही म्हणाली, “मला माहीत आहे. ह्यांना फक्त सत्यवान माहीत आहे.”

बाईंना नेमकं तेच हवं होतं. त्या ‘सावित्री’ नावाचा ऑपेरा बसवत होत्या. सावित्रीवर त्यांनी मिळेल ते वाचून काढलं होतं; सत्यवान मात्र कुठल्याच पुस्तकात धड हाती लागत नव्हता. मूळ गोष्टीतली सावित्री मद्र देशाची, सत्यवान शाल्व देशाचा, दोन्ही आमच्या सदाशिव पेठेपासून बरेच लांब, हे मी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्या प्रयोगाचा सांस्कृतिक सल्लागार झालो. पगार नाही, पण रिहर्सलला कॉफी.

हा ‘सावित्री’ गुस्टाव होल्स्टचा. ग्रहांवरच्या ‘द प्लॅनेट्स’मुळे जगाला माहीत झालेला संगीतकार तो हाच. 1874 साली चेल्टनहॅमला जन्मला आणि पुढे लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीताचा मास्तर झाला. ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावाव्यात असं त्याच्या मनात आलं. मिळाली ती इंग्रजी भाषांतरं पसंत पडेनात, तेव्हा हा गृहस्थ सरळ संस्कृत शिकायला गेला. आपल्याकडे भाषांतर आवडलं नाही तर फार तर वाचनालयात पुस्तक परत करताना कुरकुर करतात.

‘सावित्री’च्या आधी त्याने ‘सीता’ नावाचा तीन अंकी, भलाथोरला ऑपेरा लिहिला होता. 1899 ते 1906 इतकी वर्षं त्यात घातली, स्पर्धेला पाठवला, बक्षीस दुसरीकडे गेलं. मग 1908 मध्ये त्याने ‘सावित्री’ हातात घेतली आणि सगळा पसारा आवरून टाकला. एक अंक, जेमतेम अर्धा तास, तीन पात्रं आणि बारा वादक: व्हायोलिनच्या कुळातली नऊ वाद्यं, दोन बासऱ्या, एक इंग्लिश हॉर्न. पडदा नसला तरी चालेल, झाडाखाली उघड्यावर केलं तर उत्तमच, अशी सूचना त्यानेच लिहून ठेवली आहे. चेंबर ऑपेरा म्हणतात तो हा. इतक्या कमी सामानात आमच्याकडे सत्यनारायणसुद्धा होत नाही.

पहिला प्रयोग झाला 5 डिसेंबर 1916 ला, महायुद्ध चालू असताना, लंडनमधल्या एका छोट्या हॉलमध्ये, तोही लंडन स्कूल ऑफ ऑपेराच्या मंडळींनी केलेला. व्यावसायिक रंगभूमीला तो 1921 मध्ये दिसला. तेव्हा शिकणाऱ्या मुलांनी हा ऑपेरा करणं यात नवं काही नाही, बारसंच तिथलं.

पण आमच्या बाईंनी तो इतिहासासाठी निवडला नव्हता. विद्यापीठात ऑपेरा निवडताना कलेचा नंबर नंतर लागतो, आधी हजेरीपट बघतात. जगातल्या कुठल्याही संगीत विभागात जा, सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या मुली खंडीभर आणि टेनर, म्हणजे उंच आवाजाचा मुलगा औषधाला. फी सगळ्यांनीच भरलेली, त्यामुळे सगळ्यांनाच रंगमंच दाखवायला हवा. होल्स्ट मुलींच्या शाळेतलाच मास्तर, त्याला हे दुखणं ठाऊक असणार. त्याने ‘सावित्री’त विंगेतून गाणारा बायकांचा कोरस घातला आहे. त्यांना शब्द नाहीत, नुसता स्वर लावायचा. बाईंनी उरलेल्या सगळ्या मुली त्या विंगेत उभ्या केल्या. सावित्री दोन, यम दोन, आळीपाळीने गाणार. सत्यवान मात्र एकच, कारण वर्गात टेनर एकच. तोही मूळचा इंजिनिअरिंगचा. चर्चमध्ये गाताना कुणीतरी ऐकला आणि उचलून आणला.

पहिल्याच दिवशी तो वही घेऊन माझ्यापाशी आला. तिकडे अभिनय शिकवताना प्रत्येक पात्राला या क्षणी काय हवंय, ते लिहून काढायला लावतात. सावित्रीची पानं भरली होती. यमाचीही भरली होती. याचं पान कोरं.

“सर, तुमच्या परंपरेत सत्यवान नक्की काय करतो?”

“लाकडं तोडतो. मग मरतो.”

“आणि मेल्यावर?”

“पडून राहतो.”

“पण पडल्या पडल्या त्याला हवं काय असतं?”

मी म्हटलं, “बाळा, सत्यवानाला काही हवं नसतं. त्याच्यासाठी जे मागायचं ते दुसरंच कुणीतरी मागत असतं.”

त्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. बँकेतल्या सगळ्या नोकरीत माझं वाक्य कुणी असं अधोरेखित केलं नव्हतं.

महाभारतात मार्कंडेय ऋषी ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतात. तिथे सत्यवान लाकडं तोडता तोडता डोकं दुखतंय म्हणतो आणि बायकोच्या मांडीवर डोकं ठेवतो. हे मला अगदी पटतं. पुरुषाची सगळी मोठी संकटं ‘जरा डोकं दुखतंय’ इथूनच सुरू होतात. होल्स्टने ती डोकेदुखी काढून टाकली. त्याचा सत्यवान गात गात घरी येतो, दारात कोण उभा आहे म्हणून यमाला दरडावतो, हातातली कुऱ्हाड गळते आणि मग तोही. पुढे सावित्री यमाचं स्वागत करते. रडारड नाही, पाया पडणं नाही; आलेल्या पाहुण्याला ‘या’ म्हणावं तसं. यम विरघळतो आणि वर माग म्हणतो; फक्त नवऱ्याचे प्राण सोडून.

आपल्या गोष्टीत इथून यादी सुरू होते: सासऱ्यांचे डोळे, गेलेलं राज्य, वडिलांना शंभर मुलगे, स्वतःला शंभर मुलगे आणि त्या शेवटच्या मागणीत यम सापडतो. होल्स्टची सावित्री एकच वर मागते: मला आयुष्य दे, पुरतं, भरलेलं. यम देऊन बसतो. मग ती म्हणते, आता याच्याशिवाय ते पुरतं कसं होईल? ही हे ऐकून खूश झाली. “बरं केलं बाई. शंभर मुलग्यांची शी-शू कुणी काढायची?”

हिची नेमणूक वेशभूषेवर झाली होती. वनवासातली सावित्री म्हणून हिने सोप्रानोला चापूनचोपून साडी नेसवली. पण ऑपेराचा श्वास पोटातून घेतात. बरगड्या छत्रीसारख्या उघडतात. पहिला लांब स्वर लावायला मुलीने श्वास भरला आणि निऱ्या एकेक करून सुटायला लागल्या. ही म्हणाली, “बालगंधर्व शालू नेसून रात्रभर गायचे, त्यांचं कधी काही सुटलं नाही.” अखेर इलॅस्टिकच्या परकरावर निऱ्या कायमच्या शिवल्या आणि सावित्रीला श्वास घेण्याचा वर मिळाला.

यमाची अडचण निराळी होती. ऑपेराची सुरुवातच त्याच्यापासून. विंगेतून, एकट्याने, साथीला एकही वाद्य नाही. तंबोरा नाही, पेटी नाही, सूर द्यायला कुणी नाही. मृत्यू असला म्हणून काय झालं, सुरुवातीचा स्वर चुकला तर बारा वादक पुढे येऊन ते उघडं पाडणार. विंगेत मोबाइलला बंदी. मग त्याने काळ्या झग्याच्या आतल्या खिशात ट्यूनिंग फोर्क ठेवला. प्रवेशाआधी गुडघ्यावर टक्‌ करून आपटायचा, कानाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि मग सत्यवानाला न्यायला निघायचं. एकोणीस वर्षांचा, गोबऱ्या गालांचा पोरगा. बास आवाज पिकायला तिशी यावी लागते म्हणतात, पण विद्यापीठाला तितकं थांबता येत नाही. एरवी हाच यम कॅन्टीनमध्ये सूप वाढायचा आणि हिला आठवणीने विचारायचा, “तुम्हाला बिनमांसाचंच ना?”

पुढे सावित्री गायला लागते तेव्हा दोघांचा सा निरनिराळा. चुकून नव्हे, होल्स्टने तसंच लिहिलंय. तो त्याच्या पट्टीत, ती तिच्या. भीमसेनजी ऐकत वाढलेल्या कानाला पहिल्यांदा वाटतं की कुणीतरी उठून यांचे तंबोरे जुळवून द्यावेत. सहवासाने सवय होते.

सगळ्यात गाजली ती कुऱ्हाड. खरी कुऱ्हाड विद्यापीठाच्या नियमात बसेना, म्हणून रबराची आणली. तीसुद्धा रिहर्सल संपली की स्टेज मॅनेजर मुलगी वहीत नोंद करून कपाटात कुलूपबंद करायची. अडचण अशी की रबराची कुऱ्हाड पडताना आवाज करत नाही. उलट जरा उसळते. ऑर्केस्ट्रात ताशा नाही, ढोल नाही. होल्स्टच्या बारा जणांत ‘धप्प’ करणारा कुणीच नाही. शेवटी सत्यवानाच्या हातून कुऱ्हाड सुटली की स्टेज मॅनेजरने विंगेत डिक्शनरी आपटायची असं ठरलं. संस्कृतचा कोश उघडून बसलेल्या माणसाच्या ऑपेराला हे शोभलंही.

एवढं झाल्यावर सत्यवान पडतो आणि माझं खरं काम सुरू होतं. मोठ्या ऑपेरात पडून राहणं सोपं. पुढे खंदकात ऐंशी वादक, रंगमंचावर शंभर माणसं, पहिली रांग कोसभर लांब. इथे काळ्या रंगाची साधी खोली, मधल्या मोकळ्या जागेच्या तिन्ही बाजूंना खुर्च्या. पहिल्या रांगेतल्याने पाय लांब केले तर यम अडखळेल. टेनर नुकताच वरच्या पट्टीत गाऊन पडलेला, त्यामुळे छाती भात्यासारखी खालीवर. बाई म्हणाल्या, पाठ प्रेक्षकांकडे कर. मग कान लाल झालेले दिसायला लागले. एकदा तर रिहर्सलमध्ये सावित्री आयुष्य मागत होती आणि पियानो वाजवणारी मुलगी मध्येच थांबून आपल्या हातांकडे बघायला लागली. असा स्वर आपण वाजवला नाही, याची तिला खात्री होती. सत्यवान घोरत होता.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, रविवारी दुपारी दिवाणावर पडलेलं असावं आणि बायकोचं बहिणीशी फोनवर आपल्याविषयीच बोलणं चालू असावं. तेव्हा कसं पडतात? झोप लागू द्यायची नाही, पापणी हलू द्यायची नाही. श्वास संथ, शब्द सगळे पोचताहेत, पण पोचले असं दाखवायचं नाही. तो अविवाहित, पण हुशार होता. म्हणाला, “म्हणजे ऐकणं, हेच काम?” मी घाईने म्हटलं, ऐकल्याचा पत्ता लागू न देणं हे काम. त्याने वहीत फक्त अर्धंच लिहिलं.

आणि त्याचं बरोबर होतं. कारण जिवंत झाल्या झाल्या सत्यवानाला गायचं असतं. इतका वेळ गार फरशीवर पडून गळा थंड झालेला, सूर द्यायला कुणी थांबलेलं नाही. ती कुठल्या स्वरावर येऊन उभी आहे हे पडल्या पडल्या धरून ठेवलं नाही, तर उठून करणार काय?

प्रयोगाच्या दिवशी आधी पर्सेलचा ‘डायडो अँड एनियस’ होता. अर्ध्या तासासाठी कुणी थंडीतून येत नाही म्हणून जोडीला दुसरा द्यावा लागतो. तोही शाळेतलाच, 1689च्या सुमारास चेल्सीच्या एका मुलींच्या शाळेत झालेला. त्यात नवरा म्हणवणारा जहाजात बसून निघून जातो आणि राणी मरते. मध्यंतरात ही म्हणाली, “हिला कुणी वड दाखवला नव्हता का?”

‘सावित्री’ इंग्रजीतच आहे, शब्दही होल्स्टचेच, तरी वर पट्टीवर इंग्रजी अक्षरं झळकत होती. सोप्रानो वरच्या स्वराला पोचली की कुठलीच भाषा शिल्लक राहत नाही. कोरसमधल्या मुलींचे आईबाप लांबून गाड्या हाकत, फुलांचे गुच्छ घेऊन आले होते आणि मुली शेवटपर्यंत विंगेतच. माझ्या शेजारचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीमागून ‘अ’ आला की बायकोला कोपराने ढोसायचे: ही आपली!

यमाने गुडघ्यावर केलेलं टक्‌ मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. डिक्शनरी वेळेवर पडली. सत्यवान पडला तो असा, की पहिल्या रांगेतल्या माणसाने आपले पाय आपण होऊन मागे घेतले. आणि उठला तो थेट स्वरावर. आमच्या नाटकगृहात वन्स मोअर पडला असता आणि बिचाऱ्याला पुन्हा मरावं लागलं असतं.

बाहेर सगळी गर्दी सावित्रीभोवती. सत्यवान कोपऱ्यात गुडघ्यावरची धूळ झटकत होता. ही तडक त्याच्याकडे गेली आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, “इतका वेळ पडून होतास, झोप नाही लागली?”

“छे हो. ती गात होती ना. तिचा शब्दन्‌शब्द ऐकत होतो.”

ही सावकाश माझ्याकडे वळली.

“ऐकलंत? मेलेला असून ऐकत होता.”