गोरं खोकं

जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या विलायती मंडळींची एक कायमची रड असते : ऊन नाही. पिवळं पडलेलं खोकं पुन्हा गोरं करायला अतिनील किरण हवेत, म्हणून बिचारे दिवे विकत घेतात. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो आणि त्याचं बिलही येत नाही.

पिवळेपणाचं खापर मुख्यतः ब्रोमीनवर फुटतं. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची रसायनं घालत. माझा जुना कॉम्प्युटर कधी पेटला नाही, पण हळदीला बसल्यासारखा दिसू लागला. 1984 पासून सरकारच्या 'क्लास' या शालेय संगणक-शिक्षण योजनेत शाळाशाळांत आलेला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरही असाच फिकट रंगाचा. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने काढलेला स्पेक्ट्रम कॉम्प्युटर मात्र काळा, पिवळा पडायचा प्रश्नच नाही! रंग ठरवला विलायतेतल्या मूळ सिंक्लेअर कंपनीने, पण दूरदृष्टीचं श्रेय पुणं घेणारच.

हौशी लोकांनी 2008 च्या सुमारास शोधलेल्या उपायाचं नाव रेट्रोब्राइट. मुख्य औषध हायड्रोजन पेरॉक्साइड. पार्लरमध्ये केसांना लावतात ते 12 टक्क्यांचं क्रीम चालतं. दुकानदाराने माझ्या टकलाकडे पाहून विचारलं, "कुणाला लावायचंय ओ काका?"

"कीबोर्डला."

त्याने मुकाट्याने बाटली दिली. उरलेले पैसे मात्र दोनदा मोजून दिले.

गच्चीवर आईचे सांडगे वाळत होते. तिची अट एकच : तुझं ते औषध चार हात लांब. ब्रशने क्रीम फासलं, वर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळली. ती घट्ट बसायला हवी. हवेचा फुगा राहिला किंवा क्रीम वाळलं की तिथे पांढरे ढग उठतात, ते जात नाहीत. म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांनी वर जाऊन खोकं फिरवायचं आणि क्रीम पसरायचं. आई म्हणाली, "एवढी सेवा बापाची केली असतीस तर!"

संध्याकाळी खोकं लख्ख झालं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "चालू होतो का?" नाही होत. गोरा आहे, पुरे.

काही वर्षांत पिवळेपणा पुन्हा येतो, हेही सांगून ठेवतो. तरी करणारच असाल तर आतली सर्किटं आणि वरची स्टिकरं आधी काढा, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ऐन बाराच्या उन्हात गच्चीवर ताटकळू नका. त्या उन्हात प्लास्टिक वाकडं होतं, तुमचं तर विचारूच नका.