पॅरट फिशचं उदरभरण

पॅरट फिश नदी-तळ्यात सापडत नाही. १९८०च्या दशकात तैवानमध्ये मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या जातींच्या संकरातून तो निघाला. आईबाप म्हणून मिडास आणि रेडहेड यांची नावं घेतली जातात, पण जन्मदाखला कोणाकडेच नाही. या संकरात रंग झकास नारिंगी उतरला आणि तोंडाचं काम बिघडलं. फट एवढीशी, वाकडी, धड न मिटणारी. चावण्याचं काम घशातले दात करतात. मोठा दाणा तो आत घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. अर्धा भुगा कल्ल्यांतून बाहेर पडतो. म्हणून दाणा बारीक आणि हळूहळू बुडणारा हवा.

दिवसातून दोनदा, दोनेक मिनिटांत संपेल एवढंच घालावं. नियम सोपा आहे, अडचण घरच्यांची आहे. बंगळुरूत, व्हाइटफील्डच्या कंपन्यांमुळे के. आर. पुरमला आलेल्या मराठी घरात साडेसातला बाबा दाणे टाकून मेट्रो गाठायला पळतात. आठला आजी येतात. मासा काचेला नाक लावून, शेपूट हलवत उभा. ‘अगं, याला कोणी वाढलंच नाही!’ चार वाजता शाळेतून आलेल्या नातवाचंही तेच निदान. पॅरट फिश माणसं ओळखतो, डबा तर त्याहून लवकर ओळखतो, आणि आधी जेवल्याचं कोणालाच सांगत नाही.

पोट फुगून मासा मलूल दिसला, तर एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी साल काढून कुस्करलेला उकडलेला वाटाणा, बिनमिठाचा. पोळीचा तुकडा, भात, शेव यांना कायमची बंदी. आठवड्याचा एक लंघनाचा वारही निरोगी माशाला मानवतो. आजींच्या गुरुवारी तो धरला तर कोणी विसरत नाही; फक्त साबुदाण्याचा आग्रह आवरावा लागतो.

रंग टिकायला कॅरोटिनॉइड लागतात. ते कोळंबीत असतात, स्पिरुलिनातही. शाकाहारी घर अर्थातच स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर येतं. क्वचित गोठवलेले ब्लडवर्म आणलेच, तर ते फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी ठेवण्यावरून जो वाद होतो, त्याची उकल मत्स्यशास्त्रात नाही.

उरलेलं अन्न सडून अमोनिया होतो आणि तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. त्यामुळे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं आलं. बोअरवेलचं जड पाणी या माशाला चालतं; कावेरीच्या नळाचं असेल तर आधी क्लोरीन घालवावं लागतं. टँकर मागवणाऱ्या इमारतीत प्रत्येक जादा दाण्याची किंमत अशी बादलीत मोजली जाते. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याचं पाणी गाड्या, बागा, कारंजी यांना वापरल्यास ५००० रुपये दंड लावला. फिश टँक कारंज्याच्या पंगतीत बसतो का, यावर सोसायटीत दोन तट पडू शकतात. टाकीतून काढलेलं पाणी मात्र तुळशीला उत्तम; त्यात नायट्रेट असतं.

गणपतीला घर गावी निघालं की मोठा, धडधाकट पॅरट फिश चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. घरच्यांना ते पटत नाही. मग शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि वार लिहिलेल्या पुड्या दिल्या जातात. डबा कपाटात, कुलूपबंद. काकू पहिल्याच संध्याकाळी फोन करतात: पुडी संपली, हा अजून बघतोय, उद्याची उघडू का?