मुलगा ऑटोमेशनमध्ये आहे

लग्नाच्या बाजारात ‘मुलगा ऑटोमेशनमध्ये आहे’ हे वाक्य फार चालतं. मुलीकडच्यांना लगेच रोबो, लॅपटॉप आणि जर्मनीची वारी दिसू लागते. मुलगा मात्र त्या वेळी भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, पत्र्याच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेला असतो. हातात स्क्रू ड्रायव्हर, दातांत केबल टाय. हा कंट्रोल पॅनेलचा वायरमन. ज्या पॅनेलमुळे चाकणच्या कुठल्याशा लाइनवर माणसाचा हात लागायचा बंद होणार, त्यातली एकूण एक वायर हा हाताने खोचतो. याचं त्याला काही वाटत नाही. वाटतं ते डक्टमधून डोकं बाहेर काढणाऱ्या वायरीचं.

त्याचा धर्म फेरूल. वायरीच्या दोन्ही टोकांना तिच्या नंबराची प्लॅस्टिकची बारीक नळी. ती आधी ओवायची, मग टोकाला लग दाबायचा. विसरलात तर लग कापा आणि पहिल्यापासून सुरू करा. शिवाय सगळे आकडे एकाच दिशेने वाचता आले पाहिजेत. नवख्या हेल्परने एक फेरूल उलटं घातलं तर हा रागावत नाही. नुसता कटर पुढे करतो. एकदा दार लागलं की आतलं काम कुणी बघत नाही, हे त्यालाही कळतं. पण फॉल्ट शोधायला रात्री 2 वाजता जो कोणी येईल, त्याने निदान आपल्या नावाने शिव्या घालू नयेत!

शत्रू दोन. पहिला डिझाइनवाला. पॅनेल निम्मं झालं की त्याची ‘रिव्हिजन 3’ येते आणि डीन रेलवर आधीच खेटून बसलेल्या रिलेंमध्ये आणखी चार रिले घुसवायचे असतात. कागदावर काय, जागा असतेच. दुसरा प्रोग्रामर. पॅनेलमधल्या पीएलसीवर, म्हणजे त्याच्या प्रोग्रामच्या डब्यावर, इनपुटचा दिवा ढळढळीत लागलेला असतो, तरी स्क्रीनवर सिग्नल नाही म्हटल्यावर तो म्हणतो, “वायरिंग बघून घ्या जरा.” हा मल्टिमीटर लावून बीप ऐकवतो. पुन्हा ऐकवतो. तासाभराने प्रोग्रामर पुटपुटतो, “झालं आता.” काय झालं, ते आजवर एकाही प्रोग्रामरने सांगितलेलं नाही.

लग्नाला गेला तर नवरा-नवरीपेक्षा मंडपामागची वायरिंग बघतो. “टेपसुद्धा मारलेली नाही!” म्हणत अक्षता तिकडेच टाकतो.

भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. नातेवाइकांची कार्यं रविवारी असतात, तेव्हा हा कामावर. हा घरी असतो तेव्हा बाकीचे कामावर. मार्चअखेरीला तर गुरुवारही जातो, कारण पॅनेल न्यायला टेम्पो दारात उभा असतो. एरवी गुरुवारी सोसायटीतल्या काकू हमखास बोलावतात, “अरे, तू वायरमन ना? पंखा बघ की जरा.”

तुम्हीही बोलावणार असाल तर खुशाल बोलवा. फक्त पंख्याचं ड्रॉइंग तयार ठेवा, तेही शेवटच्या रिव्हिजनचं.