अंतर्मुख व्हा, रविवार रात्रीपर्यंत

अमेरिकेतल्या कॉलेजात 'जगातील धर्म' हा विषय घेतला की पोरांना बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या आठवड्याला चिंतन लिहून द्यावं लागतं. तीनशे-चारशे शब्द, रविवारी रात्री बाराच्या आत. बुद्धाला बोधिवृक्षाखाली अशी मुदत कोणी घातली नव्हती, म्हणून तर त्याला ज्ञान झालं.

चिंतनाला गुण असतात. आत्मपरीक्षणाला इतके, प्रामाणिकपणाला तितके, उरलेले शुद्धलेखनाला. एकदा गुण लागले की पोरं प्रामाणिकपणासुद्धा पाठ करून येणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ कशाला हवा?

मशिदीत गेलो, भारावलो. गुरुद्वारात लंगरात जेवलो, भारावलो. सिनेगॉगला जायचं राहून गेलं, तरी भारावलो. सत्र संपेपर्यंत दृष्टिकोन दर आठवड्याला विस्तारतो. एवढा मोठा दृष्टिकोन होस्टेलच्या खोलीत मावतो कसा?

कंटाळा आला, असं मात्र कोणीच लिहीत नाही.

आपल्याला तर कंटाळा म्हणजे काय, हे सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायातच ठाऊक झालेलं असतं.

न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये गणपतीचं देऊळ आहे, १९७७ सालचं. त्याच्या तळघरातलं कँटीन डोशासाठी प्रसिद्ध. पोरांच्या चिंतनात गाभारा येतो, घंटा येते, धुपाचा वास येतो. साक्षात्कार होतो तळघरात, पण त्याला गुण नाहीत.

कॉलेजांत हा विषय वाढला, तो चांगल्या कारणाने. १९६३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतलं सक्तीचं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्माचा तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही, असंही बजावलं. त्यानंतर सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग फोफावले. भक्त नको, अभ्यासक हवा. आणि त्या अभ्यासकाला पहिला प्रश्न काय?

'तुला कसं वाटलं?'

अहो, वाटलं ते राहू द्या. दिसलं काय? चपला कुठे काढल्या, बायका कुठे बसल्या, पुढच्या रांगेत कोण होतं, देणगीदारांच्या पाटीवर कोणाचं नाव सगळ्यांत मोठं? हे लिहायला डोळे लागतात. भारावायला मिटले तरी चालतं.

तिकडची आपली मुलं 'हिंदू धर्म' हा कोर्स घरचाच म्हणून घेतात. आरती पाठ, मोदक पाठ, अडचण कसली? मग पेपरात पूर्वमीमांसा येते. आजीने ती कधी वाढलेलीच नसते.

आपल्याकडे ही भानगड नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नको, असं घटनेचं कलम २८ सांगतं. धर्मांचा अभ्यास करायला सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये मोकळीक दिली, तीही आपण फारशी वापरत नाही. व्हॉट्सअ‍ॅप असताना प्राध्यापकाला पगार कोण देणार?

तरी चिंतनाच्या वहीचं एक कौतुक करायला हवं. अमेरिकेतल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात धर्म हाच विषय शिकवणाऱ्या जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. 'वाचून मी अस्वस्थ झालो, कारण…' असं तीनशे शब्दांत लिहून द्यायची सोय असती, तर निदान कपाटं वाचली असती. अर्थात त्यासाठी आधी पुस्तक वाचावं लागलं असतं.

आता तिकडची चिंतनं यंत्र लिहितं. त्याला ना देव, ना धर्म, पण श्रद्धेविषयीची घालमेल फर्मास लिहितं. प्राध्यापकही वैतागले आहेत. काहींनी निळ्या उत्तरवह्या पुन्हा बाहेर काढल्या आहेत: वर्गात बसा, हाताने लिहा. प्रश्न सरळ, इस्लामचे पाच स्तंभ सांगा.

पोरं विचारतात, सर, त्याऐवजी अनुभव लिहिला तर चालेल का?